चक्क्याचा चीजकेक: पाणी कुठून येतं आणि कुठे अडवायचं

प्रश्न थोडक्यात असा: घरी ओव्हन नाही. अंडं आणि जिलेटिन चालत नाही. क्रीम चीज महाग पडतं म्हणून चक्का घेऊन दोनदा चीजकेक केला. पहिल्यांदा तो साच्यातून काढल्याबरोबर पसरला. दुसऱ्यांदा वर आंब्याचा रस ओतला, तर सकाळी ताटलीत पाणी आणि खालच्या बिस्किटाचा लगदा. आता रविवारी सासूबाईंची पंच्याहत्तरी आहे, हापूस अजून मिळतोय आणि त्यांना आंब्याचाच हवाय. सोपी, न फसणारी कृती सांगा.

सांगते. साताऱ्यात १६ वर्षं मी घरून गोड पदार्थांच्या ऑर्डरी घेते, आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त चीजकेकच जातो, तोही चक्क्याचाच. म्हणून आधी एक गोष्ट मनातून काढून टाका: चक्का म्हणजे क्रीम चीज परवडत नाही म्हणून केलेली तडजोड, ही. जर्मनीत घरोघरी जो केझेकुखन होतो तो क्वार्कचा, आणि क्वार्क हा आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ आहे. पोलंडमध्ये सेर्निक होतो तो त्वारोगचा, म्हणजे त्यांच्याकडच्या ताज्या, आंबट चीजचा. क्रीम चीज त्या मानाने अलीकडचं, १८७२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स यांनी करायला घेतलेलं. ज्या गावात जे ताजं चीज मिळतं त्याचा चीजकेक होतो. आपल्याकडे गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला घरात चक्का असतोच.

फरक आहे तो पाण्याचा आणि स्निग्धांशाचा. अमेरिकेच्या नियमानुसार क्रीम चीजमध्ये फॅट किमान ३३ टक्के आणि पाणी जास्तीत जास्त ५५ टक्के असावं लागतं. आपलं फुल क्रीम दूध ६ टक्के फॅटचं. एका लिटरच्या दह्यातून माझ्याकडे साधारण ४०० ग्रॅम चक्का निघतो, म्हणजे त्यात फॅट फार तर १५ टक्के. उरलेलं बरंचसं पाणी. तुमचे दोन्ही चीजकेक याच पाण्याने बिघडवले, पहिला चक्क्यातल्या आणि दुसरा आंब्यातल्या. या दोन ठिकाणचं पाणी आवरलंत की बाकी सगळं बिनचूक जमतं.

चक्क्यापासून सुरुवात करते, कारण खरी मेहनत तिथेच आहे. दूध फुल क्रीम किंवा म्हशीचंच घ्या. टोन्ड दुधाचा चक्का कोरडा, खडूसारखा लागतो आणि तो सुधारत नाही. दही लागलं की लगेच बांधायचं. उन्हाळ्यात दोन तास जास्त राहिलं की आंबट होतं, आणि श्रीखंडात तो आंबटपणा साखरेखाली दडतो तसा इथे दडत नाही. मऊ पंचात किंवा मलमलीत बांधून तासभर टांगा. मग तीच पुरचुंडी चाळणीत ठेवून, खाली पातेलं आणि वर पाण्याने भरलेला तांब्या ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी एकदा पुरचुंडी उघडा, कडेचा घट्ट चक्का आत आणि आतला ओला बाहेर असा उलटापालटा करा, पुन्हा बांधा आणि दोन-तीन तास ठेवा. बहुतेक जण हे उलटणं करत नाहीत आणि मग मधला भाग ओलाच राहतो. चक्का झाला की नाही हे असं बघायचं: गोळा हातात घेऊन वर्तमानपत्रावर नव्हे, स्वच्छ कोरड्या पंचावर पाच मिनिटं ठेवा. पंचा दमट झाला तर चालेल, ओला डाग पसरला तर अजून बांधा.

विकतचा चक्का आणलात तरी एक रात्र असाच दाबून ठेवा. दुकानातून तो श्रीखंडाच्या अंदाजाने येतो, आणि श्रीखंडाला थोडा ओलावा हवाच असतो.

आणि कृपा करून मिक्सर लावू नका. चक्का मिक्सरमध्ये फिरवला की त्याचा बांधा मोडतो आणि चांगला घट्ट चक्काही बासुंदीसारखा पातळ होतो. तुमचा पहिला चीजकेक पसरला त्यात मला याचीही शंका येते. गुठळ्या काढायला आपल्याकडे पुरणयंत्र आहेच. श्रीखंडाला फेटतो तसा चक्का बारीक जाळीतून फिरवून घ्यायचा, पोत रेशमासारखा येतो. पुरणयंत्र नसेल तर पिठाच्या बारीक चाळणीतून हाताने घासा.

आता आंबा. हापूसच्या रसात पाचातले चार भाग पाणीच असतं, कितीही दाट दिसला तरी. तो तसाच चक्क्यात कालवला तर रात्रभर गाळलेलं पाणी आपणच परत घातलं. म्हणून रस आटवायचा. ३०० ग्रॅम रस, जाड बुडाची कढई, मंद आच, सतत हलवणं, आणि तो १५० ग्रॅमवर आला की गॅस बंद. वजनकाटा नसेल तर उलथन्याने कढईच्या तळाला रेघ ओढा. रेघ क्षणभर टिकून मग मिटली की झालं. आटवलेल्या रसाचा रंग केशरी-पिवळा गडद होतो आणि वास एकवटतो, त्यामुळे वरून इसेन्स वगैरे काही लागत नाही. पुढे साट करण्यापर्यंत नेऊ नका, चिकट होतो. आंबे आधी कापून बघायचे. वरून देखण्या हापूसमध्येही साका निघतो, आणि तो पांढरा भाग रसात गेला की सगळ्याला बेचव, आंबूस झाक येते. रसासाठी एक-दोन पायरी मिसळलात तरी छान, पण वरच्या फोडींसाठी हापूसच ठेवा.

जिलेटिन चालत नाही म्हणता, तर चायना ग्रास, म्हणजे अगार-अगार वापरा. ते समुद्रशेवाळापासून होतं. मला तर उन्हाळ्यात तेच जास्त भरवशाचं वाटतं. जिलेटिन तिशीच्या वर तापमान गेलं की सैल पडायला लागतं, आणि मे महिन्यात आपलं स्वयंपाकघर त्याहून गरमच असतं. अगार एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं. टेबलावर तासभर राहिला तरी तुकडा उभा राहतो. पण त्याचे दोन हट्ट आहेत. एक, ते उकळावंच लागतं, नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही. दुसरा, ते चाळिशीखाली आलं की झपाट्याने घट्ट होतं. फ्रिजमधल्या गार चक्क्यात उकळतं अगार ओतलं तर त्याचे धागे आणि कणी होतात आणि मग ती निघत नाहीत. म्हणून चक्का कोमट असला पाहिजे.

सात इंची, म्हणजे १८ सेंटिमीटरच्या साच्याचं प्रमाण देते. दहा-बारा जणांना पुरतो. कडा निघणारा साचा नसेल तर स्टीलचा सरळ कडांचा डबा घ्या. तळाला बटर पेपरची चकती, कडेला पट्टी, आणि तळाखालून आडव्या-उभ्या दोन लांब पट्ट्या अशा घाला की त्यांची टोकं वर लोंबतील. त्या धरून चीजकेक अलगद वर उचलता येतो. साधा ॲल्युमिनियमचा डबा नको, चक्क्याच्या आंबटपणाने त्याची चव उतरते.

बैठकीसाठी १३० ग्रॅम मारी बिस्किटं आणि ६५ ग्रॅम वितळलेलं बटर. मारी कोरडं असतं म्हणून बटर निम्मं लागतं. नानकटाई घेतलीत तर तिच्यात तूप आहेच, तिथे २५ ग्रॅम बटर पुरे. नानकटाईची बैठक आंब्याखाली काय सुंदर लागते, एकदा जरूर करा. बिस्किटांचा चुरा रव्याइतका बारीक असू द्या. बटर कालवून मूठ वळली पाहिजे. साच्यात घालून सपाट बुडाच्या वाटीने दाबून बसवा, कडेला जरा जास्त जोर लावा, आणि फ्रिजमध्ये ठेवा. बैठक भिजू नये म्हणून एक करता येतं: ५० ग्रॅम व्हाईट चॉकलेट वितळवून तिच्यावर ब्रशने पातळ थर द्या आणि गार होऊ द्या. त्या थरातून पाणी खाली जात नाही. तुम्हाला सकाळचा लगदा मिळाला होता, म्हणून तुम्ही हे कराच.

वरच्या थराला ४०० ग्रॅम चक्का, २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क म्हणजे मोठा डबा निम्मा, २०० मिलिलिटर साधं क्रीम जे पाकिटात २५ टक्के फॅटचं मिळतं ते, आटवलेला आंबा १५० ग्रॅम, एक चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. बटर खारं वापरलं असेल तर मीठ नको. क्रीम घुसळू नका. २५ टक्क्यांचं क्रीम घुसळून फुलत नाही, त्याला ३५ टक्क्यांचं लागतं, आणि या कृतीत फुलवायची गरजही नाही. चक्का जाळीतून फिरवून घ्या, त्यात कंडेन्स्ड मिल्क आणि आंबा लाकडी चमच्याने एकजीव करा, मग क्रीम. चव बघा. आंबे आंबट निघाले तर दोन चमचे पिठीसाखर. वेलची-जायफळ मी घालत नाही, कारण मग तो आम्रखंडासारखा लागतो, आणि आम्रखंडाची वेळ वेगळी. सासूबाईंना आवडत असेल तर जायफळ अगदी सुईच्या टोकाएवढं.

हे भांडं आता गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ढवळत राहा. बोट बुडवलं तर गारवा लागू नये, इतकंच कोमट. कढत झालं तर चक्का रवाळ होतो. दुसरीकडे १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम अगार पावडर, म्हणजे दोन सपाट छोटे चमचे, कालवून पाच मिनिटं राहू द्या आणि मग दोन-तीन मिनिटं खळखळ उकळा. पाणी पारदर्शक दिसलं पाहिजे, एकही कण नको. अगार आंब्याच्या रसात उकळू नका, आंबटपणात त्याची पकड कमी होते. आता या गरम अगारमध्ये आधी चार-पाच चमचे चक्क्याचं मिश्रण घालून भराभर हलवा, आणि मग ते सगळं मोठ्या भांड्यात गाळणीतून ओता. ढवळा, साच्यात घाला, साचा ओट्यावर दोनदा आपटा. हे सगळं तीन-चार मिनिटांत उरकायचं, मध्ये फोन घेऊ नका. तासाभरात तो धरतो, पण कापायला रात्र जाऊ द्या.

तुकडे करून द्यायचे नसतील, वाट्यांमधून किंवा ग्लासांतून द्यायचा असेल, तर मात्र अगार, जिलेटिन काही म्हणजे काही घालू नका. घट्ट चक्का, पिठीसाखर आणि ३५ टक्क्यांचं घुसळलेलं क्रीम. एवढंच. त्याची जिभेवरची चव कुठल्याही कापायच्या चीजकेकला येत नाही. बाजारात जे वनस्पती तेलाचं व्हिप क्रीम मिळतं ते उन्हात उभं राहतं खरं, पण टाळूवर तुपकट थर ठेवतं. शिवाय ते आधीच गोड असतं, वापरलंत तर साखर कमी करा.

तुम्ही विचारलं नाही, तरी वाफवलेल्या चीजकेकबद्दल लिहिते, कारण ओव्हन नसणाऱ्यांसाठी माझ्या मते तोच सगळ्यात चांगला. ज्या घरात खरवस वाफवता येतो त्या घरात हा शिकवावा लागत नाही. तेवढाच चक्का, तेवढंच कंडेन्स्ड मिल्क, १०० मिलिलिटर क्रीम आणि दोन मोठे सपाट चमचे कॉर्नफ्लोअर. अंडं नसल्यामुळे धरून ठेवायचं काम कॉर्नफ्लोअरचं, ते वगळू नका. आंबा घातलात तर आटवलेलाच, १०० ग्रॅम. डब्यावर फॉइल घट्ट बांधा, नाहीतर झाकणाची वाफ थेंब थेंब वर पडून खड्डे पडतात. कुकरला शिट्टी न लावता मध्यमच्या खाली आचेवर ४० मिनिटं. मध्यभाग खरवसासारखा डुलला पाहिजे. पार घट्ट होईपर्यंत वाफवलात तर गार झाल्यावर तो रबरी होतो आणि भेगा पडतात. गॅस बंद करून कुकरमध्येच अर्धा तास राहू द्या, एकदम गार हवेत काढू नका. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून १५० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं भाजावा. स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या ‘ला विन्या’मध्ये सांतियागो रिवेरा यांनी १९९०च्या सुमारास सुरू केलेला, वरून काळपट जाळलेला चीजकेक आता सगळीकडे पोचलाय. त्याला याच्या उलट खूप कडक आच लागते आणि अंडी लागतात, तेव्हा तो तुमच्या घरासाठी नाही.

आंबा संपला की पुढे काय, हेही सांगून ठेवते, कारण प्रत्येक फळाचं पाणी वेगळं वागतं. आमच्याकडे महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून मार्चपर्यंत भरपूर असते. तिच्यात पाणी नव्वद टक्क्यांच्या वर. ती कापून साखर घालून तासभर ठेवा, सुटलेला रस वेगळा काढून तो एकटाच आटवा, आणि गार झाला की फोडींवर परत घाला. फोडी ताज्या राहतात आणि पाक दाट होतो. सीताफळ आटवायला जाऊ नका. ते तापवलं की कडवट होतं. गर हाताने बियांपासून सोडवायचा आणि शेवटी हलकेच मिसळायचा. मिक्सर फिरला आणि एखादी बी फुटली तर सगळंच कडू. सीताफळाचा चीजकेक वाटीतलाच बरा, आणि त्याच दिवशी संपवायचा. चिकूला आंबटपणा नसल्याने चक्क्यात तो हरवतो. कॉफीची जोड दिली तर काहीतरी बोलतो. जांभळं साखरेत दहा मिनिटं शिजवून, गाळून, त्यांचा रस पांढऱ्या चीजकेकवर ओतून बघा. त्या रंगाला तोड नाही.

अननसाची गोष्ट मात्र नीट ऐका. सुरुवातीच्या वर्षांत एका डोहाळजेवणाची ऑर्डर होती. ताज्या अननसाचे बारीक तुकडे चक्क्यात घालून रात्री ठेवले. सकाळी चव घेतली तर कारल्यासारखं कडू. तीन किलो टाकून दिलं आणि त्या घरी दुपारी बारापर्यंत दुसरं काहीतरी करून पोचवलं. कारण नंतर समजलं: कच्च्या अननसातलं ब्रोमेलिन नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं, आणि ते तुकडे कडू लागतात. पपई आणि किवीतही असंच विकर असतं. जिलेटिनही त्याच कारणाने या फळांबरोबर घट्ट होत नाही, कारण तेही प्रथिनच. अगारला ही अडचण नाही, पण चक्का कडू व्हायचा तो होतोच. अननस साखरेबरोबर सात-आठ मिनिटं उकळून शिजवला की विकर निकामी होतं, मग खुशाल घाला.

चीजकेकचा खटाटोप नको असेल त्या दिवशी मी कढईतलं क्रंबल करते. पेरू किंवा सफरचंदाच्या फोडी थोड्या साखरेत आणि लिंबात मऊ शिजवायच्या. लाडवाची जाडसर कणीक १०० ग्रॅम, ५० ग्रॅम तुपात खमंग भाजायची, गॅस बंद करून ५० ग्रॅम साखर घालायची. गरम फळांवर ती कणीक पसरायची आणि वर गार चक्का एक चमचा. वीस मिनिटांत होतं, लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे वाटी पुसून खातात.

तुमच्या रविवारचं गणित आता सांगते. गुरुवारी रात्री सव्वा लिटर दुधाला विरजण लावा, चक्का थोडा जास्त असलेला बरा. शुक्रवारी सकाळी दही लागल्याबरोबर बांधा. दुपारी आंबे कापून साका बघा, रस आटवून गार करून डब्यात भरा. रात्री बैठक करून चॉकलेटचा थर देऊन ठेवा. शनिवारी सकाळी चक्का उलटून पुन्हा बांधा, तो निथळेपर्यंत स्वयंपाक आवरा, आणि जेवणाआधी चीजकेक साच्यात ओतून टाका. रविवारी पानं वाढायच्या अर्धा तास आधी काढा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, दर तुकड्याला पुन्हा पुसून कापा. हापूसच्या फोडी अगदी देताना वर ठेवायच्या, आधी ठेवल्यात तर पुन्हा पाणी सुटेल. उरला तर फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. फ्रीझरमध्ये ठेवू नका, अगारचा चीजकेक गोठून सुटला की सगळं पाणी सोडतो. आणि चक्क्याचं निथळलेलं पाणी ओतू नका, सोमवारच्या कढीला घ्या.